बासेलची कागदगिरणी आणि तिच्याभोवतीचं सांक्ट आल्बान-टाल

स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात चाळिसेक संग्रहालयं आहेत. त्यातल्या बहुतेकांत हात मागे बांधून एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत सरकत जायचं असतं. सांक्ट आल्बान-टालमधली कागदगिरणी त्यातली नव्हे. इथे बाह्या दुमडाव्या लागतात, कोपरापर्यंत हात ओले होतात आणि परतताना आपण स्वतः काढलेला ताव बरोबर येतो. मोठ्यांचं तिकीट पंधरा फ्रँकच्या आसपास आहे. दोन-अडीच तास हाताशी असतील तर पैसे पुरेपूर वसूल होतात. पाऊण तासात उरकायचं असेल तर होत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं.

आणखी एक. ही गिरणी एकटी बघून भागत नाही. ती ज्या खोलगट वस्तीत आहे ती सगळीच्या सगळी एका पाटाच्या पाण्यावर उभी राहिली. गिरणीतलं चाक कशाने फिरतं, ते इथेच का बसवलं, शेजारच्या इमारती एवढ्या लांबट आणि खिडक्याखिडक्यांच्या का, या सगळ्याचं उत्तर बाहेर वाहतं आहे. म्हणून हे परीक्षण गिरणीचं, आणि तिच्या निमित्ताने वस्तीचंही.

जायचं कसं? मुख्य स्टेशनावरून २ नंबरची ट्राम धरून कुन्स्टम्युझियम थांब्यावर उतरता येतं आणि तिथून चालत जाता येतं. पण ३ नंबरच्या ट्रामने सांक्ट आल्बान-टोरला उतरणं जास्त चांगलं. समोरच १४०० च्या सुमाराचा चौकोनी वेशीचा बुरूज उभा आहे. तिथून उतरणीच्या वाटेने पाच-सात मिनिटांत खाली पोचता येतं. बासेलमधल्या हॉटेलात किंवा वसतिगृहात मुक्काम असेल तर बासेलकार्ड मिळतं. त्यावर शहरातली ट्राम-बस फुकट आणि संग्रहालयांचं तिकीट निम्म्यात. म्हणजे गिरणीचा खर्च एकदम अर्ध्यावर येतो. बरेच जण हे कार्ड खिशात ठेवून पूर्ण तिकीट काढतात, कारण खिडकीवर कुणी आपणहून विचारीलच असं नाही. स्वतः पुढे करावं. गिरणी सोमवारी बंद असते, आणि शनिवारी इतर दिवसांपेक्षा उशिरा, दुपारी उघडते. शनिवारी सकाळी दारात जाऊन उभे राहणारे पाहुणे हे इथलं नेहमीचं दृश्य.

उतरतानाच या भागाची जुनी विभागणी पायांना कळते. वर टेकाडावर सांक्ट आल्बान-फोरष्टाट, रुंद दारांच्या, आतल्या चौकांच्या, शांत श्रीमंतीच्या घरांची गल्ली. बासेलच्या बोलीत आल्बानचं दालबे होतं, आणि 'दालबेतला' म्हटलं की बुर्कहार्ट, मेरियान, साराझिन, फिशर असल्या जुन्या घराण्यांची आठवण निघते. खालचा भाग म्हणजे दालबेलोख, दालबेचं भोक. तिथे ओल, कुटण्याचा आवाज, चिंध्यांचा वास आणि दिवसाच्या मजुरीवर जगणारी माणसं. वरच्यांच्या पैशाचा बराचसा भाग खालच्या पाण्यातून आणि खालच्यांच्या हातांतून निघाला होता. आज खालच्या घरांचं रूपही इतकं देखणं झालं आहे की हा फरक डोळ्यांना दिसत नाही, फक्त चढ-उतारात उरला आहे.

पाटाची गोष्ट मठापासून सुरू होते. १०८३ मध्ये बासेलचा बिशप बुर्कहार्ट फोन फेनिस याने इथे क्लुनी या ख्रिस्ती पंथाचा मठ स्थापला. शहरातला तो सर्वांत जुना मठ. ऱ्हाईन शेजारून वाहत होती, पण चक्की चालवायला ती फार मोठी, फार लहरी. पाणी हवं ते आटोपशीर, बारमाही आणि उंचीवरून आणता येईल असं. ते मठवाल्यांना दक्षिणेकडून येणाऱ्या बिर्स नदीत सापडलं. बाराव्या शतकात बिर्सचं पाणी वळवून काढलेला हा पाट पुढे सतराव्या शतकात आणखी वर, म्युन्खेनष्टाइनच्या हद्दीपर्यंत लांबवला गेला. नाव सांक्ट आल्बान-टाइख, स्थानिकांच्या तोंडी 'दालबेदीख'. वस्तीत शिरताना त्याचे दोन फाटे होतात आणि दोन्ही शेवटी ऱ्हाईनमध्ये पडतात. एकेका फाट्यावर एकापाठोपाठ एक चक्क्या. वरच्याने झडप जास्त उघडली की खालच्याचं चाक मंदावायचं, त्यामुळे पाण्याच्या हक्कावरून तंटे पाचवीला पुजलेले. पाण्याचे वाटे ठरलेले होते आणि पाट साफ ठेवण्याचा खर्च वाटेकऱ्यांनी वाटून घ्यायचा असे. याच पाटाने जळणाचं आणि इमारती लाकूडही शहरात तरंगत यायचं.

सुरुवातीला या चक्क्या पीठ दळत होत्या. कागद आला तो एका धर्मपरिषदेच्या मागोमाग. १४३१ मध्ये बासेलला चर्चची मोठी परिषद भरली आणि पुढची सतराएक वर्षं इथे चालली. बिशप, कारभारी, लेखनिक, वकील आणि त्यांच्या चोपड्या, पत्रं, ठराव, नकला. कागद लागणार तो किती! हाइनरिख हाल्बायझेन या व्यापाऱ्याने ही संधी आधी हेरली, आणि त्याच्यामागून उत्तर इटलीतल्या पिएमाँटहून आलेलं गालिझियान घराणं. आंटोनियुस गालिझियानने १४५३ मध्ये इथली एक पीठचक्की कागदासाठी वळवली. आजचं संग्रहालय आहे ते त्याच गालिझियान गिरणीत आणि लगतच्या इमारतीत. परिषद संपली, पण १४६० मध्ये विद्यापीठ निघालं आणि पाठोपाठ छापखाने आले. आमरबाख, फ्रोबेन, ओपोरिनुस ही नावं युरोपच्या छपाईच्या इतिहासात पहिल्या रांगेतली. फ्रोबेनने १५१६ मध्ये एरास्मस या विद्वानाने संपादित केलेला बायबलचा ग्रीक नवा करार छापला. ओपोरिनुसने १५४३ मध्ये व्हेसॅलियसचा शरीररचनेवरचा ग्रंथ.

त्या ग्रंथाचा कागदाच्या अंगाने हिशेब करून बघावा. मोठ्या आकाराची सातशेच्या आसपास पानं. एका तावाची चार पानं होतात. म्हणजे एका प्रतीला पावणेदोनशे ताव. पाचशे प्रती काढायच्या म्हटल्या तरी सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी हजार ताव, आणि प्रत्येक ताव हाताने हौदातून उचललेला. छापखाना आणि गिरणी एकमेकांच्या चालण्याच्या अंतरावर असणं किती मोलाचं होतं, ते या आकड्यावरून कळतं.

आता आत. तळमजल्यावर सगळ्यांत आधी आवाज गाठतो, ठक-ठक-ठक असा न थांबणारा. बाहेरच्या पाणचक्कीच्या चाकाचा आस भिंतीतून आत येतो. त्या आसावर खुंट बसवले आहेत. आस फिरला की खुंटाने लाकडी हातोडा उचलला जातो आणि सुटून कुंडीत आदळतो. हातोडे एका ओळीत आहेत पण खुंट पुढे-मागे बसवलेले, त्यामुळे सगळे एकदम पडत नाहीत. पडले असते तर चाकाला ओढच झेपली नसती. कुंडीत लिननच्या आणि सुताच्या चिंध्या पाण्यात कुटल्या जातात. जुन्या पद्धतीत आधी चिंध्या निवडायच्या, शिवणी-बटणं काढायची, तुकडे करायचे आणि ओल्या ढिगात कुजत घालायच्या, म्हणजे तंतू सैल पडतात. मग पहिल्या कुंडीत टोकदार लोखंडी खिळे ठोकलेले हातोडे, पुढच्या कुंडीत बोथट, शेवटी नुसतं लाकूड. इथे बहुतेक पाहुणे दोन मिनिटं थांबून, एखादी चित्रफीत काढून पुढे सरकतात. कागद चांगला निघणार की वाईट, हे तर इथेच ठरतं, म्हणून जरा रेंगाळावं.

कुटण्याचा हेतू तंतू तोडण्याचा नसतो. ते चिरडून त्यांच्या कडा पिंजायच्या असतात. अशा पिंजलेल्या कडा पाण्यात फुगतात आणि सुकताना एकमेकींना धरतात; कागद डिंकाने चिकटत नाही, तो या पकडीवर उभा असतो. कमी कुटलं तर ताव भुसभुशीत आणि खरखरीत. फार वेळ कुटलं तर लगदा बुळबुळीत होतो, पाणी जाळीतून उतरायला वेळ लावतो आणि सुकताना ताव आकसून वेडावाकडा होतो. कागद करणारा मूठभर लगदा पाण्यात सोडून उजेडाकडे धरून बघतो: गाठी दिसल्या तर अजून कुटायचं. गिरणीतल्या माणसाला 'हा किती वेळ कुटला?' एवढं विचारून पाहावं. ओठ मिटून असलेला कारागीर या एका प्रश्नाने खुलतो.

मग हौद. कोमट पाण्यात एक टक्क्याहूनही कमी तंतू असतात. दिसायला पातळ ताकासारखं. पाहुण्याच्या हातात जाळीची चौकट देतात, तिच्यावर कडांसाठी दुसरी सुटी चौकट. कृती पाच-सहा सेकंदांची आहे आणि चुका करायला तेवढा वेळ भरपूर पुरतो.

पहिली चूक ढवळण्याची. तंतू जड असतात, मिनिटभरात तळाशी बसायला लागतात. आधीच्या माणसाचा ताव निघाल्यावर हौद ढवळला नाही तर तुमचा ताव जाळीसारखा विरळ येणार. मागाहून आलेल्या प्रत्येकाने काठी मागून घ्यावी. दुसरी चूक बुडवण्याची: चौकट आडवी दाबली तर खाली हवा अडते आणि मध्ये खळगा पडतो. ती जवळजवळ उभी धरून, स्वतःपासून लांबच्या बाजूने आत सरकवायची, पाण्याखाली आडवी करायची आणि सपाट, सरळ वर उचलायची. एक हात खाली राहिला तर त्या कडेला ताव पुठ्ठ्यासारखा आणि दुसरीकडे सिगारेटच्या कागदासारखा होतो. तिसरी चूक, आणि सगळ्यांत जास्त होणारी, हलवण्याची. उचलल्याबरोबर पाणी जाळीवर असेतो पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलका झोका द्यायचा, म्हणजे तंतू आडवे-उभे गुंततात. पाणी उतरल्यावर हलवून उपयोग नाही. उलट बसलेला थर फाटतो आणि उजेडात धरल्यावर ढगाळ डाग दिसतात.

वरची चौकट काढतानाही जपावं. तिच्या कडेवरचा एक थेंब ओल्या तावावर पडला की तिथे कायमचा पातळ ठिपका राहतो. कागदवाले त्याला 'कागदकऱ्याचे अश्रू' म्हणतात, आणि पहिल्या तावावर ते असतातच. त्यानंतर जाळी ओल्या नमद्यावर उलटी करून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवत ठेवायची. इथे हात थबकला तर खाली हवेचा बुडबुडा राहतो आणि ताव फुगतो. दाबयंत्रात पाणी काढलं की हातात येतो तो अजून दमट पण उचलण्याजोगा कागद. कडा सरळ न येता पिसासारख्या विरतात. ती चूक नव्हे, दोन चौकटींमध्ये शिरलेल्या लगद्याची खूण आहे.

जाळीवर तारेने शिवलेली आकृती असेल तर तिथे तंतूंचा थर पातळ बसतो आणि उजेडात वॉटरमार्क दिसतो. बासेलच्या जुन्या कागदावर शहराचं चिन्ह असलेला बिशपचा वाकडा दंड अनेकदा सापडतो. जुनं हस्तलिखित किंवा ग्रंथ कुठला आणि केव्हाचा, हे ठरवताना अभ्यासक या खुणांचा आधार घेतात, कारण जाळी झिजली की ती आकृती बदलायची, आणि बदलाचा माग काढता येतो.

घरी नेलेल्या तावाबद्दल एक व्यावहारिक सूचना. त्यावर शाईपेनाने लिहायला गेलात तर अक्षर फुटतं, शाई धावते. हौदातून नुसता काढलेला कागद टिपकागदच असतो. जुन्या काळी सुकलेले ताव हाडां-कातड्यांपासून केलेल्या पातळ सरसात बुडवून पुन्हा वाळवायचे आणि दगडाने घोटायचे, तेव्हा ते बोरूला तयार व्हायचे. ताव दमट असेल तर दोन टिपकागदांत ठेवून वर जड पुस्तक ठेवावं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला तर दुसऱ्या दिवशी बुरशीचा वास येतो. घडी तर घालूच नये.

पंधराव्या शतकातला कागद अजून पांढरा आणि शंभर वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र पिवळं, तुकडे पडणारं का, हा प्रश्न इथे फिरताना सुचतोच. चिंध्यांचे तंतू जवळजवळ निव्वळ सेल्युलोज असतात. १८४० च्या दशकापासून लाकूड दळून लगदा करायला लागले, त्यात लिग्निन राहतं आणि ते उजेडाने पिवळं पडतं. त्याच शतकात सरसाऐवजी राळ आणि तुरटी वापरात आली; तुरटीने आलेलं आम्ल तंतूंना आतून खातं. म्हणजे कागद स्वस्त झाला, पण त्याचं आयुष्य घटलं. चिंध्यांचा तुटवडा हे या बदलाचं मोठं कारण: छपाई वाढत गेली आणि लोकांचे फाटके कपडे काही त्या वेगाने वाढेनात.

वरचे मजले अक्षराचे, छपाईचे आणि बांधणीचे. त्यातलं खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, ओतण्याचं काम चुकवू नये. शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस हातसाच्यात ओतला की तो जवळजवळ लगेच गोठतो. नुसतं शिसं मऊ पडतं आणि थंड होताना आकसतं. अँटिमनीने ते टणक होतं आणि साच्याच्या कडा नेमक्या उमटतात. कथिलाने रस सहज वाहतो. साच्याची रुंदी सरकवून कमी-जास्त करता येते, म्हणून त्याच साच्यात अरुंद आणि रुंद अक्षरं निघतात, पण सगळ्यांची उंची सारखीच राहते. ही उंची केसभर चुकली तरी छापताना तो खिळा एकतर कागदाला भोक पाडतो नाहीतर उमटतच नाही. खिळे जुळवायला दिले तर डोकं उलटं चालवावं लागतं: डावीकडून उजवीकडे, पण अक्षर पालथं. बी-डी, पी-क्यू हे घोटाळे ठरलेले.

एक अडचण मात्र आहे. सगळी कामं एकाच वेळी चालू नसतात. हौद, ओतकाम, छपाई यांची माणसं वेगवेगळी आणि त्यांच्या वेळाही. तिकीट घेतानाच 'आज काय, किती वाजता?' हे विचारून क्रम ठरवावा. नाहीतर वरून फिरून येईपर्यंत ओतणारा गेलेला असतो आणि समोर थंड भांडं. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी शाळेचे वर्ग असतात, हौदापाशी रांग लागते. दुपारी तीननंतर गर्दी ओसरते, पण शेवटच्या अर्ध्या तासात ताव काढायला जाऊ नये, दाबून वाळवायला वेळ पुरत नाही. आणि पाटाची साफसफाई काढून पाणी बंद केलं असेल तर चाक उभं राहतं. तेव्हा निम्मी मजा गेली. कागदप्रेमीने त्या दिवशी दुसरं काही बघावं.

दुकान लहान आहे आणि महाग. हातकागदाचे ताव, पाकिटं, भेटकार्डं, वह्या. स्वित्झर्लंडमधल्या मजुरीचा विचार केला तर दर गैरवाजवी म्हणता येणार नाही, पण वहीपेक्षा सुटे ताव घेणं शहाणपणाचं. घेताना उजेडात धरून बघावं, वॉटरमार्क असलेला निवडावा, आणि सरस लावलेला आहे का ते विचारावं. जलरंगासाठी हवा असेल तर हा प्रश्न टाळून चालणारच नाही. प्रवासात न्यायला पुठ्ठ्याची नळी मागावी.

बाहेर आल्यावर वस्ती वेगळी दिसते. १८५० च्या सुमारास इथे रेशमी फितींचा कारखाना उभा राहिला. एकोणिसाव्या शतकात बासेल शहर फितींवर जगत होतं: टोप्यांना, झग्यांना, हॅटींना लागणाऱ्या रेशमी पट्ट्या. फितींना रंग लागत, रंगांसाठी रसायनं, आणि त्या रसायनांतून गायगी, सिबा या कंपन्या वाढल्या; आजच्या नोवार्टिसचं मूळ तिथे आहे. शहरातल्या औषध कंपन्यांच्या उंच इमारती आणि या ओढ्याकाठची जुनी गिरणी यांच्यातला दुवा असा फितीएवढा आहे. तो फितींचा कारखाना आज तरुणांचं वसतिगृह आहे, २०१० मध्ये नव्याने सजवलेलं, ओढ्याला लागून. खोल्या साध्या, पण काँक्रीट आणि ओक लाकडाचं काम नीटनेटकं. बासेलसारख्या महागड्या शहरात राहायची सोय बघणाऱ्याने आधी इथे चौकशी करावी.

यंत्राचा कागद आला, वाफ आणि वीज आली, तशी पाण्याची गरज संपली. विसाव्या शतकाच्या मध्याला दालबेलोख म्हणजे ओलसर, पडझड झालेली, स्वस्त भाड्याची घरं. १९७० च्या दशकात क्रिस्टोफ मेरियान प्रतिष्ठानाने (अठराशे अठ्ठावन्नमध्ये वारलेल्या त्याच नावाच्या धनिक जमीनदाराच्या मालमत्तेतून चालणारी संस्था) सरकारच्या साथीने हा भाग डागडुजीला घेतला. जुनी घरं वाचवली, मध्ये मध्ये नवी बांधली, पाट उघडा ठेवला. १९८० मध्ये कागदगिरणीचं संग्रहालय उघडलं आणि त्याच वर्षी शेजारच्या जुन्या कारखान्यात समकालीन कलेचं. काच आणि पोलादाची नवी बाजू जुन्या भिंतीला खेटून, खालून पाणी. दोन्ही एका दिवसात बघायचा हव्यास धरू नये.

या डागडुजीचं कौतुक सगळेच करतात, आणि ते रास्त आहे. तरी एक गोष्ट खटकते. पाट वाहतो, चाक फिरतं, भिंती नीट रंगवलेल्या, पण दैनंदिन वस्ती म्हणावी तर किराणाचं दुकान नाही, पावाची भट्टी नाही, चांभार नाही. लोक राहतात, खिडकीत फुलं आहेत, सायकली भिंतीला टेकलेल्या आहेत, संध्याकाळी पोरं पाटात काठ्या सोडून शर्यत लावतात. पण दूध आणायला चढ चढून वर जावं लागतं. रात्री आठनंतर पाण्याखेरीज आवाज नाही. शांतता हवी असणाऱ्याला ही जागा स्वर्ग, पण शहराची ऊब शोधणाऱ्याने मुक्काम पलीकडच्या काठावर करावा.

गिरणीपासून वरच्या अंगाला शहराच्या जुन्या तटाचा एक तुकडा उभा आहे, लाकडी छज्जासकट. बासेलने १८५९ पासून आपला तट पाडायला काढला. त्यातून वाचलेलं फार थोडं, म्हणून दहा मिनिटं द्यावीत. वरच्या गल्लीत व्यंगचित्रांचं संग्रहालय आहे, ते छोटं आणि नेटकं, पावसाच्या दिवसाला योग्य.

जेवणाबद्दल थोडक्यात. नदीकाठावरचं झुम गोल्डेनेन ष्टेर्नेन हे खानावळीचं नाव १४१२ पासूनचं सांगतात, पण इमारत मुळात आशेनफोरष्टाटमध्ये होती. तिथून हलवून ती इथे पुन्हा उभारली आहे. जुनी छतं खरी, जागा नवी. दर पाहुणचाराच्या पातळीचे, म्हणजे खिसा हलका करणारे. दुपारच्या जेवणाचं ठरलेलं ताट संध्याकाळपेक्षा बरंच स्वस्त पडतं, हे संपूर्ण शहरालाच लागू. शहाणा माणूस वरून पाव-चीज घेऊन येतो आणि काठावरच्या बाकावर बसतो. कुणी उठवत नाही.

परतीला चढ चढू नये, होडीने जावं. 'विल्ट मा' ही होडी याच काठावरून निघते आणि पलीकडे क्लाइनबासेलला लागते. ऱ्हाईनवर अशा चार होड्या आहेत, पहिली १८५४ मध्ये सुरू झाली आणि इथली १८९४ पासून आहे. इंजिन नाही. नदीवर आडवी तार ताणलेली, तिच्यावर फिरणारी चाकं, त्यांना होडीची दोरी. नावाडी दांडा एका बाजूला टाकून दोरी त्या बाजूला अडकवतो आणि सुकाणूने होडी प्रवाहाला तिरपी करतो. पाणी तिला बाजूला ढकलतं, तार खाली वाहून जाऊ देत नाही, मग होडी आडवी सरकते. पलीकडे पोचल्यावर दांडा दुसऱ्या बाजूला. पाणी जोरात असेल तर मिनिटा-दोन मिनिटांत पार, मंद असेल तर पाच मिनिटंही. मोठ्यांना दोन फ्रँक, मुलांना एक, सुटे ठेवावेत. होडी पलीकडे असेल तर धक्क्यावरची घंटा वाजवावी. वेळापत्रक म्हणून काही नाही, ती सतत ये-जा करते, पण हिवाळ्यात तास कमी होतात आणि नदीला पूर आला की बंद.

होडीला ज्याचं नाव दिलं तो 'रानटी माणूस' हा क्लाइनबासेलच्या जानेवारीतल्या मिरवणुकीतला. तराफ्यावर उभा राहून तो नदीतून खाली येतो आणि सबंध वाटेवर ग्रोसबासेलकडे, म्हणजे गिरणीच्या काठावरच्या शहराकडे, पाठ करून नाचतो. त्या पाठीच्या बाजूलाच दालबे आहे, ही थट्टा दोन्ही काठांना माहीत आहे.

उन्हाळ्यात आलात तर ऱ्हाईनमध्ये पोहायची इच्छा होणारच, पाणी हिरवं आणि ओढ सौम्य दिसते. पण गिरणीच्या काठाने पाण्यात उतरू नका: या बाजूला मोठी जहाजं चालतात आणि त्यांना थांबणं जमत नाही. पोहण्याचा पट्टा पलीकडच्या, उजव्या काठाचा. होडीने उतरून काठाकाठाने वर टिंगेली संग्रहालयापर्यंत जावं, कपडे-मोबाइल पाणी न शिरणाऱ्या माशाच्या आकाराच्या पिशवीत (इथे 'विकेलफिश' म्हणतात, पर्यटन कचेरीतही मिळते) सात वेळा गुंडाळून बंद करावेत आणि काठालगत वाहत यावं. पुलांचे खांब टाळावेत, पुलावरून कुणी उडी मारत असेल तर त्याच्या खालून जाऊ नये, आणि योहानिटर पुलाच्या अलीकडेच बाहेर पडावं. पोहणं पक्कं नसेल तर गिरणीच्याच काठाने वर ब्राइटेचं जुनं लोखंडी स्नानघर आहे. तिथे जाळी, शिड्या आणि माणसं असतात. ताव मात्र त्या पिशवीत ठेवू नका. पिशवी कितीही घट्ट बांधली तरी दमट कागदाला ती मानवत नाही.